पोचवायला आलेली माणसं

आमच्या नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं; एरवीही ते कुजबुजल्यासारखंच बोलायचे. चौतीस वर्षं ते प्रॉम्प्टर होते. विंगेत बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी आणि तिच्या काचेवर उजेड मंद करायला चिकटवलेला निळा कागद. रंगमंचावर कुणी अडखळलं की पुढचा शब्द पुरवायचा, तोही असा की ज्याचा आहे त्यालाच ऐकू जावा, पहिल्या रांगेतल्या माणसाला नाही. आम्ही टाळ्या घेऊन घरी गेलो, तेव्हा त्यातल्या निम्म्या टाळ्या त्या स्टुलावरच्या माणसाच्या होत्या. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा म्हणायला हवं होतं, ते राहून गेलं.

शब्द पुरवणं सोपं असतं. अवघड असतं ते केव्हा पुरवायचा नाही हे कळणं. नट थांबतो तो दर वेळी विसरला म्हणून थांबत नाही. एका नाटकात माझ्या हातात पत्र असायचं आणि ते वाचून झाल्यावर मी सात आकडे मोजेपर्यंत गप्प उभी राहायचे. एकदा कुजबुजे तापानं पडले होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं तिसऱ्याच आकड्याला मला ओळ दिली. खणखणीत! सगळं थिएटर हसलं. कुजबुज्यांनी मात्र त्या जागी मला कधी साधं हूंसुद्धा दिलं नाही. आणि एका प्रयोगाला, त्याच जागी, तशीच उभी असताना माझं डोकं खरोखर रिकामं झालं, तर क्षणात शब्द आला.

"कसं ओळखलंत हो?" मी नंतर विचारलं.

"तुमच्या अंगठ्यावरून, बाई. पॉज घेता तेव्हा कागदावर अंगठा दाबलेला असतो. विसरलात की सुटतो."

असा माणूस. कंपनीतल्या एकूण एक नटाचे पॉज त्यांना पाठ होते.

त्यांची बायको, आमच्या वहिनी, घरी शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायच्या. वर्षातले आठ महिने आमचा दौरा. कंपनीची बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, कुजबुजे ट्रंक घेऊन चढायचे, आणि वहिनी कडेवर मुलाला घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहून बस वळेपर्यंत हात हलवायच्या. मुलगा कडेवरून उतरला, शाळेत गेला, नोकरीला लागला, वहिनींचा हात हलतच राहिला. "माझा एक हात सुईला आणि एक हात तुमच्या बसला," असं त्या मला हसत म्हणायच्या. मी खिडकीतून हात हलवायचे. कुजबुजे तोवर वही उघडून बसलेले असायचे.

मागच्या वर्षी वहिनींना पोटाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की वर्ष काही निघणार नाही. मुलानं आईला विचारलं, "कुठं जायचंय तुला? सांग, जाऊ." त्याला वाटलं, मावशीकडे म्हणेल.

"बोटीवर," वहिनी म्हणाल्या.

"बोटीवर? कुठं?"

"कुठं का जाईना. ती मोठी असते ना, आत राहायचं, जेवायचं, फिरून परत यायचं, ती."

घरात कुणी होडीतही बसलेलं नव्हतं. पण मुलानं पाच दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली. तो, सून, नऊ वर्षांची नात, आणि हे दोघं. हॉस्पिटलनं प्रवासाला हरकत नाही असं पत्र दिलं. शेजाऱ्यांचा उत्साह तर विचारू नका. शेजारणीनं मोठ्या काठाची टोपी दिली, घरमालकीणबाईंनी चाकांची बॅग, खालच्या शिंप्यानं स्वतःचा काळा चष्मा.

बोट सुटणार होती ती माझ्या गावच्या बंदरातून. आठवडाभर आधी वहिनींचा मला फोन. "ताई, तुम्ही धक्क्यावर यायचं. खास काम आहे."

"काय काम?"

"हात हलवायचा."

मी हसले, तशा त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "चेष्टा नाही करत. जन्मभर मी लोकांना पोचवलं. जाणारी मी, आणि मागे कुणीतरी उभं आहे, असं एकदा होऊ दे. तुमची बस काय हो, कोपऱ्यावर वळली की संपलं. बोट किती वेळ दिसते! आणि नुसता हात नको, रुमाल आणा. नाटकातल्यासारखा."

मी पिवळा रेशमी रुमाल घेऊन गेले.

बंदरातल्या त्या लांबलचक हॉलमध्ये पोचवायला आलेल्यांना एका दोरीपर्यंत सोडत होते. दोरीपलीकडे पाच पावलांवर काउंटर, काउंटरमागे गणवेशातली एक मुलगी. वहिनींनी टोपी घातलेली, चष्मा कपाळावर चढवलेला. आजारी माणूस वाटतच नव्हत्या. मला बघून त्यांनी डोळा मारला. मुलीनं पासपोर्ट पाहिले, कागद पाहिले आणि एकेकाला तोच प्रश्न विचारायला लागली: गेल्या तीन दिवसांत ताप, जुलाब, उलटी? मुलगा नाही म्हणाला. सून नाही म्हणाली. नातीनं मान हलवली. कुजबुजे नाही म्हणाले.

"आणि तुम्हाला, आजी? ताप, उलटी काही?"

वहिनी थांबल्या.

एक, दोन, तीन. मी दोरीपाशी उभी होते आणि मला सवयीनं आकडे ऐकू येत होते. कुजबुजे त्यांच्या मागे, डाव्या खांद्याशी उभे होते. ते किंचित पुढे झुकले आणि त्यांच्या त्या स्वच्छ, अचूक, चौतीस वर्षं मुरलेल्या कुजबुजीत म्हणाले, "परवा दोनदा उलटी झाली."

मुलीची लिहिणारी बोटं थांबली.

"बाबा!" मुलगा ओरडला.

कुजबुज्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. शब्द सुटल्यावर काय झालं ते त्यांना कळलं होतं. सून घाईघाईनं सांगायला लागली, ती औषधाची उलटी आहे, साथीची नाही, हे बघा हॉस्पिटलचं पत्र. मुलीनं बोटीवरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या तरुण होत्या, चांगल्या होत्या. पत्र दोनदा वाचलं त्यांनी.

"मला पटतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "पण औषधाची की आणखी कशाची हे मी इथं उभ्या उभ्या ठरवू शकत नाही. बोटीवर दोन हजार माणसं आहेत. तीन दिवस पूर्ण झाल्याशिवाय मला सोडता येत नाही, आजी. आणि तुमच्या खोलीत राहणार म्हणून आजोबांनाही नाही. तुम्ही पुढच्या फेरीला या ना."

"पुढची कधी?" वहिनींनी विचारलं.

"आता हंगाम संपला. सात महिन्यांनी."

"सात," वहिनी म्हणाल्या. "सात म्हणजे जरा लांबच झालं." आणि त्या डॉक्टरीणबाईंनाच धीर द्यावा तशा हसल्या.

मुलगा म्हणाला, सगळेच परत जाऊ. मग बापाकडे वळून, दातओठ खात म्हणाला, "एक दिवस बाबा. आयुष्यात एक दिवस तुम्हाला गप्प बसता आलं नाही?"

वहिनीच कडाडल्या. "त्यांना काही बोलायचं नाही. आणि तुम्ही तिघं मुकाट्यानं बोटीत चढा. त्या पोरीचं तोंड बघ जरा." नातीच्या डोक्यावर त्यांनी आपल्या हातानं तिची टोपी नीट केली. "तू जा गं. सगळं नीट बघ आणि रोज मला फोन कर. काही गाळायचं नाही, कळलं?"

अशा रीतीनं धक्क्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. बोट सुटायला लागली. वरच्या कठड्याशी नात दिसत होती, रडत होती आणि दोन्ही हात हलवत होती. मी पर्समधून रुमाल काढला, पण माझा हात काही वर जाईना.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला नाही जमायचं. सवय लागते त्याला."

त्यांनी रुमाल घेतला आणि हलवत राहिल्या. बोट खरोखरच फार वेळ दिसते.

सफर संपेपर्यंत दोघं माझ्याकडे राहिले. कुजबुजे दोन दिवस एक शब्द बोलले नाहीत. "अहो, काहीतरी बोला," वहिनी म्हणायच्या. "ताईंना वाटेल, घरात बंद पडलेलं थिएटर आणून ठेवलंय." मला मात्र स्वयंपाकघरात त्यांनी एकदाच सांगितलं, पाण्याचा पेला हातात धरून. "तुमच्या सगळ्यांचे पॉज मला पाठ होते, बाई. हिचा एकही नाही. बेचाळीस वर्षांचा संसार. मी होतो कुठं शिकायला?"

ज्या बसमध्ये ते होते, त्याच बसमध्ये मी होते.

तिसऱ्या दिवशी बाल्कनीत वहिनींचा आवाज ऐकला. "मी विसरले नव्हते हो."

"माहीत आहे."

"जुळवत होते मनात. खोटं बोलायचं म्हणजे माणसाला जरा वेळ लागतो."

"माहीत आहे गं."

"मग झालं तर. आता एक काम करा. घरी गेल्यावर त्या सगळ्यांना मी काय सांगू? टोपी दिली, बॅग दिली, जिना उतरून सगळे टॅक्सीपर्यंत आले. उलटी झाली म्हणून हाकललं, असं सांगू? मला नाही सांगायचं ते."

कुजबुज्यांनी माझ्याकडे एक वही मागितली. त्या संध्याकाळपासून नातीचा फोन आला की ते वही घेऊन बसायचे. जेवणघर सातव्या मजल्यावर. चमचे जड, सुरीवर बोटीचं चित्र. गच्चीवर पोहायचा हौद, बोट कलली की हौदातलं पाणीही एका बाजूला जातं. खोलीची खिडकी गोल नाही, चौकोनी. पलंगावर रोज टॉवेलचा नवा प्राणी, एक दिवस हत्ती, एक दिवस ससा. अकरा पानं भरली. मग दोघं बसून तालीम करायचे. वहिनी सांगायच्या, अडल्या की कुजबुजे द्यायचे.

"हत्ती मंगळवारी की बुधवारी?"

"मंगळवारी. बुधवारी ससा."

"तुम्ही ना, दिग्दर्शकापेक्षा छळता."

त्या हसायच्या आणि हसताना पोट धरायच्या. त्यांच्याजवळ दहा आठवडे उरले होते. ते आम्हाला नंतर कळलं.

बोट परत आली. मुलगा, सून आणि नात परस्पर आपल्या गावी गेले, आणि वहिनींना गाडीत आधार हवा म्हणून मी या दोघांबरोबर त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शेजारमंडळी जमली. शेजारीण, घरमालकीणबाई, खालचा शिंपी. एकच खोली, पलंगावर वहिनी उशीला टेकून, शिवणाच्या मशिनीजवळ कुजबुजे, आणि उरलेल्या जागेत आम्ही. मी चहा केला.

काय सुरेख सांगितलं वहिनींनी! मी रंगभूमीवर उभं आयुष्य काढलं, पण तसं भरगच्च थिएटर मला क्वचित मिळालं. हौदाचं पाणी कललं, तेव्हा शिंपी पण कलला. दोन-तीनदा त्या अडल्या, तेव्हा कुजबुज्यांनी अलगद शब्द दिला. "सातवा मजला." "ससा." कुणाला पत्ता लागला नाही.

मग शेजारणीनं विचारलं, "पण बोट सुटली, तेव्हा कसं वाटलं हो? माझी तर छाती धडधडली असती."

वहिनींनी कुजबुज्यांकडे पाहिलं. कुजबुज्यांची नजर मांडीवरच्या मिटलेल्या वहीकडे गेली, पण ते त्या अकरा पानांत नव्हतं. नातीनं ते सांगितलंच नव्हतं. त्या वेळी ती कठड्याशी रडत होती.

वहिनी आपल्या आपणच बोलायला लागल्या. सावकाश, माझ्याकडे नाही, शेजारणीकडेही नाही. "कळतच नाही सुटलेली. आधी वाटतं, धक्काच मागे चाललाय. मग मधे पाणी दिसतं, आणि ते रुंद होत जातं. माणसं लहान लहान होतात. पण दिसतात हो, किती वेळ दिसतात. आणि हे आपले उभे. हात हलवतायत, हलवतायत..."

"कोण?" शिंप्यानं विचारलं.

"हे," वहिनींनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

घरमालकीणबाई हसल्या. "अहो, असं कसं? हे तर तुमच्याबरोबर बोटीवर होते ना?"

वहिनी थांबल्या. सगळ्यांच्या माना कुजबुज्यांकडे वळल्या. ते बसून राहिले, बायकोकडे बघत, तिला हवा तेवढा वेळ. ती काही बोलली नाही.

"मी खालीच होतो," कुजबुजे म्हणाले. मोठ्यानं. इतक्या वर्षांत मी त्यांचा खरा आवाज ऐकलेला नव्हता. जाडसर, जरा फाटका आवाज होता. "ही गेली बोटीवर. मी धक्क्यावर होतो, दिसेनाशी होईपर्यंत."

कुणाला काही कळलं नाही. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं, मी कपबश्या गोळा करायला लागले.

"एवढा वेळ?" वहिनींनी त्यांना विचारलं. "पाय दुखले असतील तुमचे."

"नाही दुखले," कुजबुजे म्हणाले. "अजून उभा राहिलो असतो."