राहून गेलेला ळ

मधू गेल्याचं मला सुमनवहिनींनी फोनवर सांगितलं. "भाऊजी, हे गेले..." एवढंच. मी अकोल्याला जठारपेठेतल्या माझ्या दुकानात होतो, समोर एक छपाईचा प्रेसवाला तक्रार घेऊन उभा होता, त्याला हातानंच थांब म्हटलं. ज्या माणसाशी अर्धं आयुष्य भांडलो त्याच्या बायकोला काय म्हणायचं असतं? सकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसले ते खुर्चीतच गेले, असं त्या सांगत होत्या. मी हूं हूं करत होतो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला राग आला. भांडण अर्ध्यावर टाकून पळाला लेकाचा! दोन दिवसांनी तेरवीची पत्रिका फोनवर आली. बोटाच्या पेराएवढं चित्र दिसत होतं, तेवढ्यावरूनच कळलं की ती मधूच्या त्या फुकटच्या फॉन्टात छापली आहे. मी ती उघडली नाही. त्या फॉन्टातलं काहीही उघडायचं नाही, वाचायचं नाही, हा माझा जुना नियम. घर माहीत होतं, दिवस वहिनींनी सांगितला होता, पत्रिकेवाचून अडणार नव्हतं.

तेरवीला अमरावतीला गेलो. आमच्याकडे तेरवीला पंगतीआधी भाषणं होतात, तशी झाली. मधूचे चेले सगळे पुढच्या सतरंजीवर. छातीवर त्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांचा पेंग्विन छापलेले सदरे घालून तेरवीला येणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. त्यातला एक दाढीवाला प्राध्यापक उठला आणि म्हणाला, "सरांनी एक-एक अक्षर स्वतःच्या हातानं काढलं, एकही उसनं घेतलं नाही, आणि सगळी समाजाला देऊन टाकली. त्याआधीची सरांची अक्षरं एका व्यापाऱ्यानं कुलपात घातली होती." एका व्यापाऱ्यानं! नाव घ्यायचीही ह्याला लाज वाटली. मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. दोनचार माना वळल्या. मी उठून निघालो तर दारात वहिनी आडव्या आल्या, "भाऊजी, जेवून जा. त्यांच्या नावाचा घास आहे." म्हणून पंगतीला बसलो. काय जेवलो ते मला आठवत नाही, डोक्यात नुसता जाळ होता. ती आधीची अक्षरं आम्ही दोघांनी मिळून केली होती, दोघांनी, हे त्या घरात आता फक्त वहिनींना माहीत होतं, आणि त्या वाढत होत्या. म्हणून हा लेख. त्या दाढीवाल्यानं वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

मधू अचलपूरचा. वडील भिक्षुकी करायचे आणि बोरूनं पोथ्यांची जीर्ण पानं पुन्हा लिहून द्यायचे. ते अक्षर मधूच्या हातात उतरलं होतं. मी बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याचा पोरगा, माझं अक्षर पाहून मास्तर म्हणायचे, कोंबडीच्या पायाले शाई लावली काय रे? कॉलेजात एका खोलीत राहिलो, आणि पुढे जठारपेठेत एक गाळा घेऊन दोघांनी संगणकाचं दुकान टाकलं. तेव्हा मराठी फॉन्ट म्हणजे दोनचार, तेही वाकडेतिकडे, सगळ्या लग्नपत्रिका सारख्याच दिसायच्या. मधू म्हणाला, आपण आपला काढू. तो चौकटीच्या कागदावर बोरूनं अक्षर काढायचा, मी ते स्कॅन करून माउसनं त्याची कड बिंदूबिंदूनं पकडायचो. एका 'क्ष'ला आठवडा गेला. मला कंटाळा आला की मधू म्हणायचा, "दिन्या, घाई कायची हाये बे? अक्षर हाये, भजे नाईत तळाले." रात्रंदिवस... जाऊ द्या, ते सुखाचे दिवस होते आणि त्याबद्दल मी फार लिहिणार नाही.

सगळी अक्षरं झाली, एक राहिला. ळ. मधूनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. "आपल्या वऱ्हाडात ळ बोलते कोन? काया, पिवया, डोया... आपल्याले काय घाई त्याची?" असं म्हणून हसायचा. आणि तेवढ्यात पुण्याची एक कंपनी आली. त्यांना फॉन्ट पसंत पडला. ते तो विकणार, सोबत एक कुलूप देणार, म्हणजे संगणकाच्या मागे खुपसायची एक चिमुकली डबी. ती लावली तरच अक्षरं उमटणार. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. मधू पेटला. "अक्षराले कुलूप? काहून? माह्या बापानं जन्मभर पोथ्या लिहिल्या, कोनाले म्हटलं का, का बा वाचू नको म्हनून?"

"आन् दक्षिणा? ते घेत होते ना तुये बाबा?" मी म्हणालो. "आमच्या घरी कापूस पिकते त आमी विकतो. चौकात उभं राहून वाटत नाई."

बापाचं नाव काढायला नको होतं असं लोक म्हणतील. म्हणोत. त्यानं माझ्या बापाच्या कापसाला दलाली म्हटलं, ते कोणी ऐकलं नाही. मधू त्याच दिवशी बोरू घेऊन उठला, आणि पुढे अमरावतीला एका कॉलेजात शिकवायला लागला. कंपनीला फॉन्ट पुरा हवा होता. ळ मीच काढला. एका रविवारी बसलो, पस्तीस कागद फाडले असतील. माझ्या हाताला काय येणार? त्याची डावी गाठ बारीक आणि उजवी ही टपोरी, एक डोळा सुजल्यासारखी, वरून जरा डावीकडे कललेला. मूर्तिजापूरच्या एका प्रेसवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्या ळ ले कोनी मारलं काय हो?" पण फॉन्ट धडाक्यानं चालला. पत्रिकेत स्थळ असतं, वेळ असते, म्हणजे प्रत्येक पत्रिकेवर माझा सुजलेला डोळा जायचा. वऱ्हाडात ज्या घरी लग्न झालं त्या घरात मधूची अक्षरं आणि माझा ळ गेला, आणि ती पत्रिका दारोदार मधूच्या चेल्यांनी नेली नाही. मी नेली, एसटीनं, प्रेसमागून प्रेस.

मग दोन पक्ष पडले. मधूला अमरावतीत त्याच्यासारखी माणसं भेटली, सॉफ्टवेअर सगळ्यांचं म्हणणारी, विकणाऱ्याला पापी समजणारी. त्यानं नवा फॉन्ट काढला, सगळी अक्षरं पुन्हा पहिल्यापासून, आणि फुकट सोडून दिला, ज्याला हवा त्यानं घ्या, बदला, वाटा. आमच्या बाजूला कंपन्यांचे विक्रेते, प्रेसवाले, आणि मी. पेपरात पत्रं यायची. तो आम्हाला अक्षरांचे सावकार म्हणायचा, आम्ही त्याला फुकटे म्हणायचो. एकमेकांच्या पक्षातल्या माणसाच्या घरी वास्तुशांतीलाही जायचं नाही इथवर गोष्ट गेली. आता कोणी विचारलं तर हसू येईल, पण आम्ही कुलूप आणि किल्लीवरून नातीगोती तोडली. विनापरवाना फॉन्ट वापरणाऱ्यांना मी नोटिसा धाडायचो. माझ्या नोटिसा अकोला जिल्ह्यात प्रसिद्ध होत्या. मधू म्हणे वर्गात त्या वाचून दाखवायचा, पोरं हसायची.

अमरावतीत एक परिसंवाद झाला, तिथे आम्हा दोघांना एकाच मंचावर बसवलं. आयोजकाला कुस्ती पाहायची असावी. मधू माईकवर म्हणाला, "ह्यांच्या दुकानात ळ काढायलाही परवानगी लागते. आणि ळ तरी कसा, बाजारातून मार खाऊन आल्यासारखा!" सभागृह फुटलं हसून. माझा ळ. साल्यानं माझा ळ चारशे माणसांत उघडा पाडला. मी माईक ओढला. "हो, लागते परवानगी. दुसऱ्याची वस्तू घ्यायची तर आधी विचारावं, हे आमच्या बार्शीटाकळीत लहान लेकरालेही समजते. आणि ऐन लगनसराईत छपाई बंद पडली तर ह्यांच्या फुकटच्या फॉन्टवाल्यानं फोन कोणाला करायचा? देवाला? मी पहाटेच्या गाडीनं जातो. हे लोक लेख लिहितात." अर्धं सभागृह टाळ्या, अर्धं शिट्ट्या. जाताना कोणीतरी त्याच्या फॉन्टाचा नमुन्याचा कागद हातात कोंबला. मी तो न पाहता चुरगाळून फेकला. तेव्हापासून तो नियम, त्या फॉन्टातलं काही उघडायचं नाही. तो नियम मी मोडला नाही. शपथेवर सांगतो.

पुढे कंपनी बुडाली, कुलपं गेली, करार संपला. फॉन्टाचे हक्क माझ्याकडे परत आले. मधूला ते ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं पेपरात लिहिलं, आता तरी ती अक्षरं मोकळी करा. पेपरात! अरे, मला फोन कर ना. दिन्या, मायी अक्षरं दे, एवढं म्हण, मी त्याच मिनिटाला देतो. वर्षानुवर्षं मी त्या फोनची वाट पाहिली, आणि तो पठ्ठ्या जगाला पत्रं लिहीत बसला. त्याला अक्षरं समाजासाठी हवी होती, मित्राकडून नको होती. हा राग माझा आजही गेलेला नाही, आणि तो मेला म्हणून मी तो गिळणारही नाही.

शेवटची भेट अकोल्याला, एका जुन्या ओळखीच्या माणसाच्या मुलीच्या लग्नात. पंगतीत पाट नेमका शेजारी आला. दोघांनाही उठवेना. बराच वेळ तो वरणभात कालवत होता, मी पोळीकडे पाहत होतो. मग तो हळूच म्हणाला, "दिन्या, तुया ळ चा डोया अजून सुजलेलाच हाये का बे?"

"तुले काय करायचं? तू थोडाच वापरतो तो."

तो हसला. मोठ्यानं नाही, आपल्याशीच, खाली मान घालून, घास तोंडात असताना. मला वाटलं चिडवतोय. मी ताटाला नमस्कार केला आणि उठलो. ताक यायचं होतं अजून.

इथवर लिहून झालं होतं आणि हे असंच छापायला द्यायचं ठरवलं होतं. पण पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी कळवलं, गेलेल्यांचं पूर्ण नाव आणि गाव नीट द्या, पत्रिकेवरून पाहून द्या. झालं! नियम मोडणं भाग पडलं. फोनवरची ती पत्रिका काल उघडली. नाव पाहिलं, लिहून घेतलं. अक्षर चांगलंच होतं, ते कधी वाईट नव्हतं. पत्रिकेत खाली सरकलो. 'स्थळ' लिहिलं होतं, 'वेळ' लिहिली होती. चष्मा पुसला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं, पडदा भरून एकच अक्षर उरेपर्यंत. डावी गाठ बारीक, उजवी टपोरी, वरून डावीकडे कललेला. कोण्यातरी लग्नपत्रिकेवरून उचललेला, कडा जशाच्या तशा, एक बिंदू इकडचा तिकडे नाही. सगळी बाराखडी पुन्हा काढणाऱ्या त्या हाताला एक ळ काढणं जड नव्हतं.

एकही अक्षर उसनं नाही म्हणे! दाढीवाल्या, तुझा फॉन्ट उघड आणि पाहा. चोट्टा होता तुझा सर. विचारलं नाही, सांगितलं नाही, भर सभेत त्याच ळ ची टर उडवली, आणि घरी जाऊन तो आपल्या अक्षरांत बसवून ठेवला, शेजारी पाट मांडावा तसा. म्हणून हसत होता पंगतीत. मी दुकानात एकटाच बसून मोठमोठ्यानं शिव्या देत होतो आणि माझे डोळे गळत होते, समोरच्या चहावाल्यानं येऊन विचारलं, काय झालं भाऊ?

मधूची सगळी अक्षरं मी आज सकाळी मोकळी केली, त्याच्या चेल्यांसाठी नाही, वहिनींना फोन करून सांगितलं आणि मग केली. ळ त्यांच्यात आहेच. राहिला माझा हिशेब. विनापरवाना माझं अक्षर वापरल्याची नोटीस मी काल टाइप केली, जुन्याच मजकुरात, सवयीनं. पत्त्यासाठी पुन्हा पत्रिका पाहिली. 'स्थळ'च्या पुढे त्याच्याच घराचा पत्ता आहे... तिथे आता ती घेणार कोण बे, मधू?