दुसऱ्या मुद्द्याचा आधार

मुखेडहून अकरावीसाठी लातूरला आले, तेव्हा शिकवणीने पहिली सवय लावली ती प्रत्येक विधानाला आधार मागण्याची. नांदेडच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी 'भूकंप आणि आपली घरे' हा विषयही मी त्याच शिस्तीने हाताळला. चाचणी परीक्षांचे पाठकोरे कागद कापून चिठ्ठ्या केल्या. तीन मुद्दे, प्रत्येकाला एक आधार पुस्तकातला, एक प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा.

दुसरा मुद्दा भिंतींचा होता. मातीत रचलेल्या दगडांच्या त्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कशा कोसळल्या, हे मला सांगायचे होते. पुस्तक ग्रंथालयात मिळाले. माणूस मला रोज भाकरी वाढत होता. आमची मेस चालवणाऱ्या मावशी भूकंपातल्या गावच्या, विधवा. त्यांची सात वर्षांची मुलगी भिंतीखाली गेली होती.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आवाज आला होता का, मावशी?"

"आला की. दोनदा 'आई' म्हणली."

"किती वेळ?"

"लई न्हाई. भावजी म्हणले, थांबला आता. मला धरून शेतात नेलं." पीठ मळता मळता त्या थांबल्या. "तिचं नाव घेशील का गं स्टेजवर? आता कुणीच घेत न्हाई."

मी हो म्हणाले.

एकाच साक्षीवर विसंबायचे नाही, हाही नियमच होता. शनिवारी त्यांचे दीर गावाहून ज्वारी घेऊन आले, तेव्हा त्यांना मी अंगणात गाठले. आवाज लगेच थांबला होता ना, असे विचारले.

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. "न्हाई थांबला," ते हळू आवाजात म्हणाले. "दिस मावळेपर्यंत येत होता. एक दगड काढला की वरून दुसरे यायले होते. वैनीला काय सांगायचं?" मग त्यांची नजर वहीवर गेली. "पोरी, तू हे लिहायलीस का?"

माझे लिहून झाले होते. मुद्द्यासाठी याहून भक्कम आधार मिळाला नसता, हे मला त्या क्षणीही कळत होते, आणि तसे कळले याची आज भीती वाटते.

स्पर्धेच्या दिवशी मावशींनी मेस बंद ठेवली. "भाकऱ्या आज तुमच्या तुम्ही थापा," त्यांनी मुलींना सांगितले. "माझ्या लेकीचं भाषण हाय."

"कोणत्या लेकीचं?" एकीने चिडवले.

"दोघींचं."

एसटीत मी चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा लावल्या. खरे सांगता येत नव्हते. मावशींना जे सांगितले गेले होते, ते खोटे आहे हे ठाऊक असताना माझ्याने म्हणवत नव्हते. मी मुलीची ती चिठ्ठीच काढून टाकली. चुकीची नोंद गाळतात, तशी.

मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. दुसरा मुद्दा सुरू होताच त्या पुढे झुकल्या. तिसरा संपला तरी तशाच होत्या. मला दुसरा क्रमांक मिळाला. भिंतींच्या मुद्द्याला जिवंत उदाहरण हवे होते, असे परीक्षकांनी सांगितले.

परतताना एसटीने लोहा गाव मागे टाकल्यावर त्या म्हणाल्या,

"तिचं नाव न्हाई आलं."

"वेळ कमी पडला, मावशी."

"तू तर घड्याळ लावून पाठ करतीस." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. "भावजींना इचारलंस ना तू?"

मी होकाराची मान हलवली.

"मग कवा थांबला?"

"लगेच," मी म्हणाले. कोणत्याही आधाराशिवाय मी केलेले ते पहिले विधान. माझे उत्तर यायला किती वेळ लागला, हे त्यांनी ऐकले होते.

अहमदपूरला गाडी थांबली. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. त्या काहीतरी ऐकत होत्या. दीर पुन्हा ज्वारी घेऊन आले, तेव्हा त्यांना अंगणात मावशींनीच गाठले. बारावी संपेपर्यंत मी मावशींकडेच जेवले. दिवस मावळायच्या वेळी त्या चूल तशीच सोडून अंगणात जाऊन उभ्या राहत, अंधार होईपर्यंत. भाकरी करपल्याचा वास यायचा. मी उठून ती उलटायची, आणि त्यांना हाक मारायची नाही.