वहिनींचं वजन

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये मी टिकलो तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे, हे आधी सांगतो. कोरोनात मी काम करायचो ते हॉटेल बंद पडलं आणि नववीत शाळा सोडलेल्या मला स्कीच्या दुकानाने आठवडाभर पारखायला ठेवलं. डोंगरावरच्या लिफ्ट बंद, म्हणून गिऱ्हाइकांना पायी चढता येईल अशी बाइंडिंग हवी होती. म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून वहिनींकडे धावलो.

वहिनी चिप बनवणाऱ्या मशीनच्या इंजिनिअर आणि स्कीइंगच्या वेड्या. स्वतःचे स्कीचे बूट चढवून त्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या. "मी गिऱ्हाईक. विचार."

मी चढण विचारली, उतार विचारला, बुटाला पकडीच्या पिना बसायची भोकं आहेत का तेही पाहिलं. वजन मात्र अंदाजाने पन्नास लिहिलं.

"पन्नास? कुठल्या जन्मी रे?"

"वहिनी, तुम्हाला वजन कसं विचारू?"

"अरे, कमी लिहिलंस तर पकड ढिली बसेल. उतारावर स्की एकीकडे, मी एकीकडे!"

आम्ही पोट धरधरून हसलो.

शनिवारी एक डच बाई आल्या. घाबरून मी नमस्काराआधीच विचारलं, "वजन किती?" मालकांनी डोळे मिटले. बाई मास्कआड खो खो हसल्या आणि वजन सांगितलं. त्यांना डोंगरही चढायचा होता आणि लिफ्ट उघडल्यावर रिसॉर्टमध्ये जोरात उतरायचंही होतं. मी चढायला सोपी पण जोरात उतरायला कच्ची अशी सगळ्यात हलकी जोडी बाजूला ठेवून दोन्हीकडे चालणारी, जरा जड जोडी दिली.

"सोमवारपासून ये," मालक म्हणाले.

मी सायकलवर गात घरी आलो. वहिनी, एक दिवस मी तुम्हाला आल्प्सला नेणार, नक्की!