न घातलेला टाका

माझी आत्या टीव्हीच्या एका वाहिनीत कपडेपट सांभाळते. सांभाळायची, असं म्हणायला हवं आता. थेट कार्यक्रम असला की कलाकाराला कपडे चढवून झाल्यावर ती खांद्याला, कमरेला, अंगावरच दोन-चार टाके घालायची आणि कार्यक्रम संपल्यावर कात्रीने कापायची. "हुकावर विश्वास घरी ठेवावा, कॅमेऱ्यासमोर नाही," असं तिचं म्हणणं. जिभेला धार अशी की बाबा तिचे थोरले भाऊ असूनही तिच्यापुढे जपून बोलतात.

गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. एका नवख्या मुलीसाठी दुकानातून झगा आणला होता, फक्त त्या कार्यक्रमापुरता. "सुई लावायची नाही, तसाच परत करायचाय," असं निर्मात्याने बजावलं. आत्या एरवी कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हे. त्या दिवशी घाईत तिने ऐकलं आणि टाक्याऐवजी चिकटपट्टी लावली. दिव्यांच्या धगीने मुलीला घाम फुटला, पट्टी सुटली आणि ऐन गाण्यात झगा एका खांद्यावरून खाली घसरला. क्षणभरच. मुलीने एका हाताने तो छातीशी धरला आणि गाणं पूर्ण केलं. आम्ही घरी बघत होतो. आई म्हणाली, "धीराची आहे हो पोर."

लोकांना धीर कशाला दिसतोय? पराचा कावळा झाला. शाळांनी मुलींच्या नाचाचे कपडे बदलले. कॉलेजातल्या मुली मुद्दाम एक हात छातीशी धरून फोटो काढायला लागल्या. वाहिन्या थेट कार्यक्रम काही सेकंद उशिराने दाखवू लागल्या, म्हणजे नको ते मधेच कापता येईल. पडद्यावर 'थेट' हा शब्द मात्र तसाच. आणि मुलीने प्रसिद्धीसाठी हे घडवून आणलं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिचे कार्यक्रम रद्द झाले. तिच्या वडिलांनी घराबाहेर पडणं सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

मग निर्माता आमच्या घरी आला. सोफ्याच्या कडेवर टेकून म्हणाला, "ताई, चर्चेच्या कार्यक्रमात या. टाका नको असं तिनेच सांगितलं, एवढंच बोला. तुमची नोकरी कुठे जात नाही."

आत्या फक्त "बरं" म्हणाली. त्या 'बरं'ने आमची झोप उडवली. बाबांनी एकदा विचारून पाहिलं, "काय बोलणार आहेस?" तिने इस्त्रीवरून मानही वर केली नाही. तिची नोकरी गेली तर आमची ओढाताण होणार, हे खरं. पण ती खोटं बोलली असती तर मी तिच्याशी कधी बोलले नसते, हेही खरं.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदकाने प्रश्न विचारला. आत्या खुर्चीत पुढे सरकली. "टाका मी घातला नाही, कारण..." आणि साबणाची जाहिरात लागली. जाहिरात संपली तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती आणि निवेदक संस्कृतीवर बोलत होता. बाबांनी टीव्ही बंद केला.

आत्या आली ती दारातूनच बोलत. "बघितलंत ना? पोरीचा काही दोष नाही म्हटलं. निर्मात्याने सुई नको म्हटलं आणि मी बावळटासारखं ऐकलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं."

आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही 'कारण' म्हणालात आणि जाहिरात लागली."

"पुढचं काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती मटकन खाली बसली. नोकरी गेली होती आणि मुलीवरचा डाग जिथल्या तिथे होता.

थोड्या वेळाने उठून तिने पुन्हा चपला घातल्या.

"आता कुठे?" बाबांनी विचारलं.

"आधी त्या पोरीच्या घरी. मग बाजारात. समोर उभं राहून सांगितलं तर मधे कोण कापणार आहे?"

जिन्यातच तिला शेजारचे काका भेटले. त्यांच्यापासूनच तिने सुरुवात केली.