चार बोटं उंच

गल्लीत त्यांना सगळे 'इंजिनियर' म्हणत. नोकरी मात्र बँकेत कारकुनाची. झाडून सगळे मेकॅनिक लुच्चे, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे गतिरोधकावर गाडीचं पोट घासू लागलं, तेव्हा त्यांनी उंच, कडक स्प्रिंगा मागवल्या आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच बसवायला घेतल्या. बायकोने मेकॅनिकचं नुसतं नाव काढलं, तर अबोला धरला.

रविवारी काम फत्ते झालं. गाडी चांगली चार बोटं उंच झाली. सासुरवाडीची मंडळी कौतुकाने बघायला आली होती. इंजिनियरांनी ऐटीत गाडी मागे घेतली आणि एरवी दारातून जेमतेम निघणारा तिचा टप धाडकन चौकटीवर आदळला.

"दारच बुटकं आहे," ते म्हणाले.

"आम्ही सगळे आत बसतो, दबेल जरा," बायको म्हणाली. ती, सासू, सासरे, मेहुणा आणि शेजारचे पैलवान दाटीवाटीने आत बसले. इंजिनियर चाकापाशी उकिडवे बसून बघू लागले. गाडी तसूभरही खाली आली नाही.

त्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत? पैलवान बसले तरी दबली नाही! देईल का कुणी मेकॅनिक असं काम करून?"