पाह्यले चालली

“कोणाकडे चालल्या, बाई?” असं कुणी विचारलं की त्या पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, “कोणाकडेच नाही. पाह्यले चालली.”

“काय पाह्यले?”

“ते पाह्यल्यावर सांगतो.”

वाशीमजवळच्या मालेगावच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. मी तिथल्या शाळेत नवी लागलेली मास्तरीण. आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून होत्या. सत्तरच्या दशकातले ते दिवस तुम्हाला आठवत असतील, तर हेही आठवेल की तेव्हा आपल्याकडचा माणूस गाव सोडायचा तो चारच कारणांनी: लग्न, मयत, कोर्ट आणि देव. बाईंनी पाचवं कारण काढलं होतं. वर्षातून एकदा आठ दिवसांची रजा टाकायची आणि कुठलं तरी सुंदर ठिकाण बघून यायचं. एकटीनं. लोणारचं सरोवर झालं, अजिंठा झाला, चिखलदरा तर दोनदा. उतरायचं तेही जुन्या डाकबंगल्यात नाही तर चांगल्या हॉटेलात.

“पाव्हण्याच्या घरी उतरलं का आपल्यालेच भाकरी थापा लागते,” त्या म्हणत. “हाटेलात आपल्याले कोणी तरी वाढते.”

नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. गावात कुजबुज होणारच. पण अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची, त्यामुळे बोलणारे जरा हळू बोलत.

एका उन्हाळ्यात त्यांनी मलाच विचारलं. “पचमढीले येतं काय? लई वर्षांचं राहून राह्यलं.”

पचमढी म्हटलं की आपल्याकडे महादेवाची यात्रा. दुसरं काही लोकांच्या डोक्यात येतच नाही. समोरची म्हातारी लगेच नारळ घेऊन आली. “महादेवाले चाललीच हाय तं माह्या एवढा नारळ वाहून दे माय.”

“आजी, आमच्या घरचे देव छप्पन सालीच गेले,” बाई म्हणाल्या. त्यांच्या भिंतीवर एकच तसबीर होती, बुद्धाची. म्हातारीचं तोंड उतरलं, तशी त्यांनी नारळ पिशवीत टाकला. “बरं, दे. देवाशी आपला वेव्हार नाही, पण पार्सल पोचवून देतो.”

मालेगावहून अकोला, अकोल्याहून छोट्या गाडीनं खंडवा, तिथून मोठ्या गाडीनं पिपरिया, पुढे घाटातली बस. मी अर्धमेली झाले होते. बाई मात्र खिडकीशी बसून प्रत्येक पूल स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा मला दाखवत होत्या.

हॉटेल इंग्रजांच्या काळचं होतं. उंच कौलारू छप्पर, पुढे लांबलचक व्हरांडा आणि त्यात लांब हातांच्या वेताच्या आरामखुर्च्या. मॅनेजरनं आमच्या पिशव्या पाहिल्या, धुळीनं भरलेल्या चपला पाहिल्या.

“साथ में कोई मर्द?”

“नाही.”

“तो रूम नहीं है, बहनजी. नीचे बाजार में धरमशाला है.”

बाईंनी त्याच्या मागच्या फळीकडे बोट केलं. “मंग ये इतनी चाबियां कायकू लटकी है?”

“वो सब बुक है.”

“ठीक है. बुकवाले आये तक बैठते.”

आणि त्या खरंच व्हरांड्यात गेल्या, पहिल्या आरामखुर्चीत बसल्या, पाय वर घेतले. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. “बाई, चला ना, धर्मशाळा काय वाईट आहे?” मी म्हटलं.

“तू जाय. मी बसतो.”

मी कुठली जातेय! दुपारी त्यांनी फडकं सोडलं आणि भाकरी-ठेचा काढला. लसणाचा वास थेट आतल्या जेवणाच्या हॉलपर्यंत गेला. येणाराजाणारा प्रत्येक पाहुणा थबकायचा आणि बाई त्याला हसून सांगायच्या, “बुकवालों की राह देख रहे. वो आये का हम जाते.” आवाज चढला नाही, कपाळावर आठी नाही. मॅनेजर तीनदा बाहेर डोकावला, तिन्ही वेळा बाईंनी त्याला भाकरी विचारली.

पाच वाजता तो किल्ली घेऊन आला. “सात नंबर का बुकिंग कैंसल हो गया.”

“अरेरे!” बाई तटकन उठून बसल्या. “तबीयत तो ठीक है ना बेचारों की?”

खोलीत गेल्यावर मी पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या पुढची खिडकी उघडून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा आला, तेव्हा त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांच्या असताना त्या याच हॉटेलात आल्या होत्या. नागपूरच्या एका गोऱ्या मडमेची तब्येत बरी नव्हती, तिचं करायला म्हणून. पंधरा दिवस त्या मागच्या नोकरांच्या खोलीत निजल्या. पुढच्या व्हरांड्यात पाऊल टाकायची बंदी होती.

“पंधरा दिवस पचमढी पाह्यली, पण मांगच्या खिडकीतून,” बाई म्हणाल्या. “समोरून कशी दिसते ते पाह्यचं राह्यलं होतं.”

मी कप खाली ठेवला.

“पाणी कायले आणतं डोळ्यात? चहा थंडा होऊन राह्यला.” मग बशीतला चहा फुंकत त्यांनी समोर नीट पाहून घेतलं. “समोरून बी तसंच हाय म्हणा. झाडंच झाडं.”

नारळ चौथ्या दिवशी महादेवाच्या गुहेत पोचला. आत मी गेले. बाई बाहेरून ओरडल्या, “परसाद घेऊन ये वं! नाही तं म्हातारी म्हणन, मधीच फोडून खाल्ला.”

पुढच्याच वर्षी त्यांची कामरगावला बदली झाली. माझं लग्न झालं, भेटी कमी झाल्या. एकदा आठवण आली म्हणून संत्री घेऊन मी कामरगावला उतरले. दाराला कुलूप. शेजारीण ओट्यावर तूर पाखडत होती. “बाई गेल्या,” ती म्हणाली.

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. संत्री ओट्याखाली घरंगळत गेली.

“अवं, अशी काहून करतं?” शेजारीण घाबरली. “उटी का काय म्हणते, तिकडे गेल्या. सोमवारी येतीन.”

आम्ही दोघींनी संत्री गोळा केली. हसून हसून मला धाप लागली होती. सोमवारी त्या खरोखर आल्या आणि उटीचा चहा आपल्या चहापेक्षा पाणचट असल्याचं मला पत्रानं कळवलं.

आणखी पाच-सहा वर्षांनी त्याच शेजारणीचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पल न काढता, खाली मान घालून म्हणाला, “बाई गेल्या.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “कुठं?”