डाव्या हाताला कळलेली गाडी

मोटारींबद्दल मी मत मांडणं म्हणजे आगाऊपणाच, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरी गाडी नाही. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. माझे वडील, अण्णा, कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये पत्रा ठोकतात. तिथे कित्येक महिने एक जुनी अमेरिकन सेडान उभी आहे. ती दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, हे गाडीच्या मालकांचं ठरत नाही, आणि माझं अभ्यासात लक्ष लागत नाही.

हल्लीच्या अमेरिकन सेडान मला एकसारख्या वाटतात. समोरचा लोगो झाकला तर कंपनी ओळखू येणार नाही. ही मात्र मागून, लांबूनही ओळखू येते. माशाच्या परांसारखे उभे दोन कोपरे, मधे ऐसपैस डिकी. थोडी दिखाऊ आहे, पण त्याची तिला लाज नाही. हे सगळं मी अण्णांना सांगत होतो.

"मत ऱ्हाऊ दे. डोळं मिटून डावा हात फिरव," ते म्हणाले. "उजव्याला घट्टं पडल्यात, त्याला पत्रा कळत न्हाई."

मागच्या कोपऱ्याजवळ, पत्र्याच्या जोडावर, तळव्याला एक बारीकशी लाट लागली. ती घडवणाऱ्या कुणा परदेशी कारागिराने तिथे कानस घासणं जरा लवकर थांबवलं असावं. जेवायची सुट्टी झाली असेल का? तेव्हापासून रस्त्यातल्या प्रत्येक गाडीकडे माझा हात जातो, आणि कुठेच असा कोणी कारागीर सापडत नाही.

आज लेक्चर संपवून बाहेर पडलो, तर अण्णांचा फोन. मालकांनी शेवटी कळवलं होतं.

"भंगारात द्यायची म्हणतोय. तूच कापून ठेव म्हणाला."

"मग?"

"दुसरा माणूस बघा म्हटलं."